पार्श्वभूमी : बार्शी लाईट आणि नावापुढचे 'रोड'

बार्शी लाईट या छोट्या रेल्वेमार्गाच्या पट्ट्यातील स्थानकांचा इतिहास समजून घ्यायचा, तर आधी 'रोड' या शब्दाचा उलगडा करावा लागतो. गावाच्या नावापुढे तो जोडलेला असला, की स्थानक त्या गावात नाही असे समजावे. तेथे उतरून उरलेली वाट पूर्वी बैलगाडीने वा टांग्याने आणि आता एसटीने काढावी लागते. मुंबई-मद्रास मार्गावरील 'बार्शी रोड', म्हणजे आजचे कुर्डुवाडी स्थानक, बार्शीपासून सुमारे ३५ किलोमीटरवर होते. कापूस आणि भुसार मालाच्या या पेठेला ते अंतर जाचत होते. १८९७ मध्ये अडीच फुटी रुळांची छोटी गाडी थेट बार्शीत आली. पुढे 'बार्शी रोड' हे नाव मागे पडले, आणि जंक्शन व रेल्वेचा कारखाना यांच्या बळावर कुर्डुवाडी वाढली.

हे रूळ १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये निजामाच्या राज्यातील लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोहोचले. १९५४ मध्ये हा मार्ग सरकारने ताब्यात घेतला.

खरा वाद रुळांच्या रुंदीकरणाच्या वेळचा आहे. जुना मार्ग येडशीवरून जात असे आणि जिल्ह्याचे मुख्य ठिकाण असलेले उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव, बाजूला राहत असे. १९८२ पर्यंत लातूर याच जिल्ह्यात होते. म्हणजे सत्तर वर्षे तालुक्याच्या गावी गाडी जात होती आणि कलेक्टर कचेरी असलेल्या गावी मात्र नाही. रुंद रूळ टाकताना मार्ग वळवून या शहरातून नेला गेला आणि २००८ पर्यंत लातूर-कुर्डुवाडी टप्पा पूर्ण झाला. वळणाने अंतर वाढले, लातूरकरांचा प्रवास लांबला, हा आक्षेप खोटा नाही. तरीही शंभर वर्षे हुकलेले स्थानक देण्याची ती एकच संधी होती, आणि ती साधली हे योग्यच झाले. कळंब रोड आणि औसा रोड ही नावे मात्र याच मार्गावर अजून तशीच आहेत, कारण कळंब व औसा ही गावे रुळांपासून दूरच राहिली.

एप्रिल २०१६ मध्ये तहानलेल्या लातूरसाठी मिरजेहून पाण्याची पहिली गाडी निघाली, तेव्हा तिच्या दहा वाघिणींतील पाच लाख लिटर पाणी याच वळणाने, धाराशिववरून, लातूरच्या स्थानकात उतरले.