‘हॅलो’ हे बेलच्या प्रेयसीचं नाव नव्हे

‘टेलिफोनचा शोध लावणाऱ्या ग्रॅहम बेलच्या प्रेयसीचं नाव मार्गारेट हॅलो. पहिला फोन त्याने तिलाच केला, म्हणून आपण हॅलो म्हणतो.’ वर्षानुवर्षं फिरणारा हा मजकूर खोटा आहे.

१० मार्च १८७६ रोजी बोस्टनमध्ये बेल तारेवरून बोलला तो पलीकडच्या खोलीतल्या थॉमस वॉटसन या मदतनिसाशी: ‘इकडे या, मला तुम्हाला भेटायचंय.’ फोनवर ‘अहॉय’ ही खलाशांची हाक वापरावी, असं बेलचं मत. ‘हॅलो’ सुचवलं एडिसनने, १८७७ च्या एका पत्रात. शब्द इंग्रजीत आधीपासून होताच.

बेलचं प्रेम होतं मेबल हबर्डवर. जेमतेम पाच वर्षांची असताना तापाने तिची श्रवणशक्ती गेली होती. बेल बहिऱ्यांना बोलायला शिकवायचा, ती त्याची विद्यार्थिनी. त्याच्या आईलाही नीट ऐकू येत नसे. आवाजाचा ध्यास लागला तो या माणसांमुळे. नवऱ्याच्या यंत्रातला एक शब्दही जिला ऐकू येणार नव्हता, तिची जागा एका बनावट नावाने बळकावली, याचं फार वाईट वाटतं. जुलै १८७७ मध्ये त्यांचं लग्न झालं. तेव्हा टेलिफोन कंपनीतले आपले १० सोडून सगळे शेअर बेलने मेबलच्या नावावर केले.