कवळी सैल होते तेव्हा

कवळी करून काही वर्षं झाली की ती हलायला लागते. 'स' म्हणताना शिट्टीसारखा आवाज येतो. जांभई दिली की वरची कवळी खाली सुटते, एका बाजूने चावलं की दुसरी बाजू उचलते. माणूस म्हणतो, कवळी बिघडली. कवळी बहुधा होती तशीच असते, जबडा मात्र बदललेला असतो.

दाताच्या मुळाभोवतीचं हाड दाताला धरून ठेवण्यासाठीच असतं. दात काढला की त्याचं काम संपतं आणि शरीर ते हळूहळू शोषून घेतं. पहिल्या वर्षात, त्यातही पहिल्या काही महिन्यांत, ही झीज सर्वांत वेगाने होते. पुढे वेग मंदावतो, पण झीज थांबत नाही. टालग्रेन या संशोधिकेने कवळी वापरणाऱ्यांच्या जबड्यांची पंचवीस वर्षांपर्यंतची मोजमापं १९७२ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांत खालच्या जबड्याचा पुढचा भाग वरच्याच्या जवळजवळ चौपट झिजलेला आढळला. मुळात खालच्या कवळीला टेकायला जागाच कमी. वरच्या कवळीला साधारण २३ चौरस सेंटिमीटर आधार मिळतो, खालचीला जेमतेम १२. शिवाय मध्ये जीभ सतत वळवळत असते. म्हणूनच 'खालची काही केल्या बसत नाही' ही तक्रार सर्वाधिक ऐकू येते.

कवळी चिकटून राहते ती लाळेमुळे. दोन सपाट काचांमध्ये पाण्याचा थेंब ठेवून त्या एकमेकींवर दाबा आणि मग सरळ ओढून वेगळ्या करून पाहा, सहज निघत नाहीत. हिरडी आणि कवळी यांच्यामध्ये लाळेचा असाच पातळ पापुद्रा असतो. दोन समांतर पृष्ठभागांसाठीचं भौतिकशास्त्राचं गणित सांगतं, की मधलं अंतर दुप्पट झालं तर ते ठराविक वेगाने वेगळे करायला लागणारा जोर आठ पटींनी घटतो. तोंड काही सपाट काच नव्हे, पण मुद्दा तोच आहे. मिलिमीटरच्या अंशाएवढी पोकळीसुद्धा पकड घालवते. आणि कवळीच्या कडेने हवा आत शिरली की उरलीसुरली पकडही जाते.

म्हणून सैल कवळीवरचा उपाय म्हणजे ही पोकळी भरून काढणं. दात तेच ठेवून आतल्या बाजूला नवा थर चढवला तर त्याला रीलाइनिंग म्हणतात. दात तेवढे ठेवून गुलाबी भाग पूर्ण नवा केला तर ते रीबेसिंग.

पारंपरिक रीलाइनिंगमध्ये जुनी कवळीच माप घेण्याचा साचा बनते. आतून थोडी घासून, कडा किंचित कमी करून, त्यात माप घेण्याचं द्रव्य पातळ पसरतात. ते कधी सिलिकॉन असतं, कधी लवंगेच्या तेलाच्या उग्र वासाची झिंक ऑक्साइडची पेस्ट. कवळी तोंडात बसवून ओठ, गाल, जीभ हलवायला सांगतात, म्हणजे ते स्नायू हलताना कुठवर येतात हे कडेवर उमटतं. बाहेर काढल्यावर ते माप उजेडात धरून पाहण्यासारखं असतं. टाळूवरच्या बारीक सुरकुत्यासुद्धा त्यात दिसतात. आणि एखाद्या जागी द्रव्य पूर्ण सरकून खालचं गुलाबी ॲक्रिलिक, म्हणजे कवळीचं प्लास्टिक, डोकावत असेल, तर तिथे हिरडी दाबली जाते आहे. ती जागा घासून माप पुन्हा घ्यायला हवं. हा कंटाळा करणारा डॉक्टर पुढे दुखरी जखम पेरून ठेवतो.

मग कवळी लॅबमध्ये जाते. प्लास्टरमध्ये तिचा साचा होतो, द्रव्य काढून टाकतात, त्याजागी पिठासारखं मळलेलं ॲक्रिलिक दाबून भरतात आणि गरम पाण्यात कित्येक तास शिजवतात. शिजताना ॲक्रिलिक आक्रसतं. नुसता द्रव मोनोमर, म्हणजे ज्यापासून ॲक्रिलिक बनतं तो मूळ पदार्थ, घट्ट झाला तर त्याचं आकारमान सुमारे २१ टक्क्यांनी कमी होतं. त्यात आधीच घट्ट झालेली भुकटी मिसळल्याने हे प्रमाण साताच्या आसपास येतं. तरी साच्यातून काढल्यावर कवळी किंचित वाकते, आणि वरच्या कवळीत टाळूच्या मागच्या कडेला फट पडते. हवा शिरायला नेमकी तीच जागा सोयीची. शिवाय हे सगळं होईपर्यंत माणूस दातांवाचून राहतो, हे मला छोटं दुःख वाटत नाही. त्या काळात तो घराबाहेर पडायला संकोचतो.

दवाखान्यातच तोंडात घट्ट होणारं द्रव्य भरून तासाभरात मोकळं करण्याचीही पद्धत आहे. पण ते घट्ट होताना गरम होतं, आणि त्यात बारीक छिद्रं राहतात. तात्पुरती सोय म्हणून ते ठीक आहे.

डिजिटल पद्धत इथे कामाला येते. कवळी संगणकाच्या मदतीने करण्याचा प्रयोग जपानमधल्या संशोधकांनी १९९४ मध्येच मांडला होता. आज माप घेतलेली कवळी सर्व बाजूंनी स्कॅन करतात, संगणकावर जुन्या दातांची मांडणी तशीच ठेवून आतला पृष्ठभाग नव्या मापाचा करतात, आणि नवी कवळी मशीनवर कोरून किंवा थ्रीडी प्रिंटरवर छापून घेतात. म्हणजे बऱ्याचदा हे जुन्या कवळीला अस्तर लावणं नसतंच, तिच्याच चेहऱ्यामोहऱ्याची नवी कवळी असते.

कोरीव कवळीची खरी ताकद तिच्या ठोकळ्यात आहे. ॲक्रिलिकची ती जाड चकती कारखान्यात उष्णता आणि मोठ्या दाबाखाली आधीच घट्ट केलेली असते. आक्रसायचं ते आक्रसून झालेलं असतं, मशीन फक्त कोरतं. म्हणून ती जबड्यावर अधिक नेमकी बसते, छिद्रं कमी राहतात आणि न मुरलेला मोनोमरही कमी सुटतो. छापलेल्या कवळीचं तसं नाही. तिची द्रव राळ (रेझिन) पन्नास किंवा शंभर मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या विसाव्या किंवा दहाव्या भागाएवढ्या, थरांनी प्रकाशात घट्ट होते, म्हणजे आक्रसणं तिथेही आहे. नंतर ती धुवून पुन्हा प्रकाशात पक्की करावी लागते. ती लवकर होते आणि साहित्य वाया कमी जातं, पण मजबुतीत सहसा कोरीव कवळीच सरस ठरते. 'डिजिटल' हा एकच शब्द दोन्हींना लावणं मला म्हणूनच पटत नाही.

आणखी दोन फायदे मला मोलाचे वाटतात. स्कॅन झाल्यावर सिलिकॉन काढून जुनी कवळी लगेच परत घालता येते, म्हणजे बिनदातांचे दिवस टळतात. आणि फाइल जपून ठेवली तर कवळी हरवली किंवा फुटली तरी पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

मग थेट तोंडच स्कॅन का करू नये? ओली, गुळगुळीत हिरडी स्कॅनरला गोंधळात टाकते, कारण जुळवायला ठळक खुणा नसतात. त्याहून मोठी अडचण म्हणजे स्कॅनर मऊ भाग जसा पडला आहे तसाच टिपतो. गाल ओढल्यावर कड कुठवर जाईल, चावताना हिरडी किती दबेल, हे त्याला कळत नाही. पकड तर कडेवरच ठरते. माझं मत स्पष्ट आहे. माप हाताने, जुन्या कवळीतच घ्यावं आणि पुढचं काम मशीनला द्यावं. माप घेताना कवळी चुकून पुढे सरकली किंवा तिरपी बसली, तर मशीन ती चूकसुद्धा तितक्याच अचूकतेने कोरून देईल. ही सरकलेली कवळी हाच रीलाइनिंगचा जुना रोग आहे. त्याने वरचे-खालचे दात भलत्याच जागी भेटतात. इथेही संगणकाची मदत होते, कारण माप घेण्याआधीचं आणि नंतरचं स्कॅन एकावर एक ठेवलं की दात कुठे किती हलले ते दिसतं.

काही तक्रारी दोन्ही पद्धतींना दाद देत नाहीत. कवळीचे दातच झिजून चेहरा आखूड दिसू लागला असेल, तर नवी मांडणी लागते. औषधांमुळे तोंड कोरडं पडत असेल, तर लाळेचा पापुद्राच नसतो. खालचं हाड फारच झिजलं असेल तर दोन इम्प्लांटवर, म्हणजे हाडात बसवलेल्या कृत्रिम मुळांवर, अडकवलेली कवळी अधिक भरवशाची. २००२ मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात भरलेल्या तज्ज्ञांच्या बैठकीने खालच्या बिनदाती जबड्यासाठी तिलाच पहिली पसंती दिली होती.

चिकटवायच्या क्रीमचे थर वाढवत जाणं हा मात्र उपाय नाही. जस्त असलेली क्रीम वर्षानुवर्षं भरमसाट वापरल्याने शरीरातलं तांबं घटून नसांना इजा झालेले रुग्ण २००८ मध्ये नोंदवले गेले आहेत. दोन दिवसांत ट्यूब संपत असेल, तर कवळी दाखवायची वेळ केव्हाच झालेली असते.

आणि दाखवायला जाताना एक पथ्य पाळावं. सैल कवळीने हिरडी सुजलेली, लाल झालेली असते. त्या सुजेचं माप घेतलं तर सूज ओसरल्यावर नवी कवळीही सैल होते. म्हणून माप घेण्याआधी निदान एक रात्र, शक्य तर पूर्ण दिवस, कवळी काढून ठेवायची. सूज जास्त असेल तर डॉक्टर आधी कवळीत मऊ अस्तर घालतात, दर तीन-चार दिवसांनी ते बदलतात, आणि हिरडी पुन्हा फिकट गुलाबी, घट्ट दिसेपर्यंत माप घेत नाहीत.