तीन नोडांचा साठवण क्लस्टर

तीन सर्व्हरांमधल्या (प्रत्येक सर्व्हर म्हणजे एक नोड) डिस्क जोडून एकच सामाईक साठा उभारायचा आणि त्याच सर्व्हरांवर व्हर्च्युअल मशिन्स, म्हणजे सॉफ्टवेअरने उभे केलेले संगणक, चालवायच्या, अशी ही रचना. एक सर्व्हर बंद पडला की त्यावरच्या मशिन्स काही मिनिटांत उरलेल्या दोघांवर पुन्हा सुरू होतात, कारण डेटाची प्रत तिथे आधीच असते. सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या एखाद्या टॉवेल-चादर कारखान्याचा हिशेब, स्टॉक आणि हजेरी यांना एवढा आवाका पुरतो.

तीनच का, तर बहुमतासाठी. सर्व्हर दोनच असले आणि त्यांच्यातली जोडणी तुटली तर प्रत्येकाला दुसरा मेला असे वाटते. दोघेही तीच मशीन चालू करतात आणि डेटाची नासाडी होते. तिघांत एकटा पडलेला नोड आपणहून थांबतो. दोनच सर्व्हर परवडत असतील, तर मतापुरता एक लहान संगणक स्वतंत्र ठेवावा. त्या दोघांपैकी एकावर व्हर्च्युअल मशीन म्हणून कधीही नाही.

सर्वांत जास्त फसगत जागेच्या गणितात होते. प्रत्येक नोडात २ टीबीच्या ४ एसएसडी, म्हणजे एकूण २४ टीबी. डिस्क जोडून साठा उभा करणाऱ्या सेफ (Ceph) या सॉफ्टवेअरच्या मूळ मांडणीप्रमाणे ३ प्रती धरल्या की हाती ८. तेही पूर्ण वापरायचे नाहीत. प्रत्येक नोडात एकेक प्रत असल्याने गेलेल्या डिस्कचा भार त्याच नोडातल्या उरलेल्या तिघींना उचलावा लागतो. डिस्क ६० टक्के भरलेल्या असतील तर त्या ८० वर जातात. ७० टक्के असतील तर ९३ लागतात, पण ९० टक्क्यांना सेफ गेलेली प्रत पुन्हा भरणे थांबवतो आणि ९५ ला लिहिणेच बंद करतो. म्हणून ४.८ टीबी हीच खरी मर्यादा. नोडात दोनच मोठ्या डिस्क घालणे त्याहून वाईट: निम्मी भरलेली एक गेली की दुसरी काठोकाठ. लिहिणे चालू राहण्यासाठी लागणाऱ्या किमान प्रतींचा आकडा २ वरून १ करणे हा उपाय नव्हे. मग ताजा डेटा एकाच डिस्कच्या भरवशावर राहतो.

एसएसडी वीज गेल्यावर हातातले लिखाण सांभाळणारी, सर्व्हरसाठीचीच घ्यावी. साठ्याला १० गिगाबिटचे जाळे द्यावे. नोड एकमेकांना ‘मी जिवंत आहे’ असे सतत कळवतात ते कोरोसिंक या सॉफ्टवेअरचे ठोके वेगळ्या पोर्टवरून न्यावेत. प्रती भरताना गर्दीत ते अडकले तर धडधाकट नोडही रीस्टार्ट होतो.

तिन्ही नोड एकाच खोलीत असतात, हे सोलापूरच्या उन्हाळ्यात विसरू नये. यूपीएसवर सर्व्हर चालू राहतात, एसी नाही. बाहेर पारा चाळिशीपार, त्यात मागाजवळच्या खोलीत सुताचे बारीक तंतू सर्व्हरच्या जाळीवर बसलेले, मग तिन्ही एकदमच तापून बंद पडतात. खोलीचे तापमान वाढताच आधी मशिन्स, मग नोड आपोआप बंद होतील अशी सोय करावी. एसी वीज येताच स्वतः सुरू होणारा हवा.

चुकून पुसलेली फाइल तिन्ही प्रतींतून एकदमच जाते, त्यामुळे बॅकअप दुसऱ्या इमारतीत ठेवावा.