यूएसबी डॅक : दोषशोधन व फेरफार (बेळगाव सीमाभाग)

यूएसबी डॅक : संगणकाकडून यूएसबीमार्गे येणाऱ्या अंकीय (डिजिटल) ध्वनीचे ॲम्प्लिफायरला चालणाऱ्या सदृश (ॲनालॉग) संकेतात रूपांतर करणारे उपकरण. प्रस्तुत नोंद टेबलावर ठेवण्याच्या स्वस्त डॅकचे दोष आणि त्यांवरील उपाय यांपुरती आहे.

यूएसबी ध्वनीचे पहिले मानक १९९८ चे, दुसरे २००६ चे. दुसऱ्या मानकाचा ड्रायव्हर विंडोजमध्ये २०१७ पासून अंगभूत मिळू लागला. त्याआधीच्या विंडोजवर ‘डॅक दिसतच नाही’ या तक्रारीत दोष बहुधा ड्रायव्हरचा असतो. डबा उघडण्याचे कारण नाही.

सर्वाधिक वाद आहे तो खरखरीच्या उगमाविषयी. पहिल्या मानकाच्या डॅकमध्ये दर मिलिसेकंदाला एक पॅकेट, म्हणजे माहितीचा एक गठ्ठा, येते. सीडीचे नमुने (ध्वनीच्या पातळीची मोजमापे) सेकंदाला ४४,१०० असल्याने नऊ पॅकेटांत ४४ आणि दहाव्यात ४५ नमुने बसवावे लागतात. अनुकूली पद्धतीच्या डॅकला या असमान ओघावरून स्वतःचे घड्याळ जुळवून घ्यावे लागते. असमकालिक पद्धतीत डॅकचा स्वतःचा स्फटिक (घड्याळाचे ठोके देणारा क्वार्ट्झ) प्रमाण असतो आणि किती नमुने हवेत हे तोच संगणकाला कळवतो. स्वस्त डॅकमध्ये ही पद्धत साधारण २०१० नंतर रुळली. घड्याळाचा थरथराट (ठोक्यांतील अनियमितता) हेच खरखरीचे मूळ, असे एक मत आहे. दुसऱ्या मतानुसार दोष ५ व्होल्टच्या पुरवठ्यात आणि अर्थिंगमध्ये असतो, आणि प्रत्यक्ष लक्षणे याच मताला अधिक पुष्टी देतात. गाणे थांबवल्यावरही १ किलोहर्ट्झची बारीक शिटी राहिली, तर ती मिलिसेकंदाच्या पॅकेटांबरोबर पुरवठ्यात उठणारी लहर असते. उच्चवेगी यूएसबीवर अंतर १२५ मायक्रोसेकंदांचे असल्याने शिटी ८ किलोहर्ट्झची होते. घड्याळ निर्दोष असले तरी ती जात नाही.

घुमणारा आवाज ५० किंवा १०० हर्ट्झचा असेल, तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर ऐकावे. आवाज गेला तर दोष अर्थिंगच्या वेढ्याचा किंवा चार्जरच्या गळतीप्रवाहाचा. संगणक व ॲम्प्लिफायर एकाच बोर्डवर घ्यावेत. तेवढ्याने न भागल्यास डॅक व ॲम्प्लिफायर यांच्या दरम्यान ऑडिओ ट्रान्सफॉर्मर घालावा. अर्थची पिन कापणे हा जिवावर बेतणारा उपाय आहे, तो कोणत्याही परिस्थितीत करू नये. एडीयूएम ४१६० सारखे विलगक (संगणक व डॅक यांचा विद्युत संबंध तोडणाऱ्या यूएसबी चिपा) सेकंदाला १२ मेगाबिटपर्यंतच चालतात, म्हणून उच्चवेगी डॅकला निरुपयोगी. बेळगावातील वडगाव-शहापूर भागात घरालगत यंत्रमाग असल्यास मोटार चालू-बंद होताना उठणारी टकटक निराळी ओळखावी.

यूएसबीवर ध्वनीचे हरवलेले पॅकेट पुन्हा पाठवले जात नाही. तेथे ‘टक्’ असा खंड पडतो. पखवाज-तबल्याच्या गर्दीत तो झाकला जातो. परीक्षेसाठी तंबोऱ्याचे ध्वनिमुद्रण उत्तम, कारण जवारीच्या अखंड नादात बारीकसा खंडही लगेच कानाला टोचतो. यूएसबी हब काढणे, आखूड केबल वापरणे व बफर (संगणकातील ध्वनीचा तात्पुरता साठा) वाढवणे हे उपाय.

खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडील पावसाळी दमटपणाने सॉकेट काळवंडतात. एक बाजू बंद पडते आणि पिन फिरवताच परत येते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे. पॉलिश पेपरने मुलामा उडतो आणि दोष लवकर उलटतो.

ऑप-अँप (डॅकमधील संकेत वाढवणारी चिप) बदलण्याची हौस सर्वत्र आढळते. एनई ५५३२ च्या बेसमध्ये एनई ५५३४ बसतो, दोहोंना पिना आठच. पण पहिला दुहेरी, दुसरा एकेरी, जोडणी वेगळी, म्हणून एकाच्या जागी दुसरा चालत नाही. एलएम ४५६२ सारखा वेगवान ऑप-अँप लावताना पुरवठ्याच्या पिनांलगत ०.१ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर नसेल, तर तो स्वतःच दोलन करू लागतो आणि बोटाला चटका बसण्याइतका तापतो. बदलानंतर हेडफोन लावण्यापूर्वी मल्टीमीटरने आउटपुटवरील डीसी व्होल्टता मोजावी; काही मिलिव्होल्ट चालतात, व्होल्टमध्ये दिसल्यास उपकरण तत्काळ बंद करावे.