पायाळू जन्म

पायाळू जन्म : प्रसूतीत मुलाचे डोके आधी न येता ढुंगण किंवा पाय आधी येतात, त्या जन्मास पायाळू जन्म आणि त्या मुलास पायाळू म्हणतात. शब्दातला ‘पाय’ थोडा फसवा आहे. दिवस भरलेल्या बहुतेक पायाळू मुलांचे पाय गुडघ्यात सरळ, पावले तोंडापाशी असतात आणि वाटेवर पुढे असते ते ढुंगण. काही मुले मांडी घातल्यासारखी बसलेली असतात; खरोखर पाऊल पुढे टाकणारी थोडी.

28व्या आठवड्यात दर चार-पाच गर्भांपैकी एक असाच असतो. तेव्हा जागा मोकळी असते, मूल फिरत राहते. दिवस भरत येतात तशी बहुतेक मुले डोके खाली घेतात आणि शेवटी 3 ते 4 टक्केच पायाळू उरतात. अपुऱ्या दिवसांच्या कळा, जुळे, खाली सरकलेली वार, गर्भाशयातला पडदा किंवा गाठ, गर्भजल फार कमी वा फार जास्त असणे ही कारणे सांगतात. पुष्कळदा कारण सापडतच नाही.

नेहमीच्या बाळंतपणात हनुवटी छातीला टेकवलेले डोके वाट काढते. त्याचा त्या वेळचा व्यास सुमारे 9.5 सेंमी. आणि पूर्ण उघडलेले गर्भाशयमुख 10 सेंमी. कवटीची हाडे अजून सांधलेली नसतात. कळांच्या दाबाने ती तासन्‌तास हळूहळू एकमेकांवर सरकतात आणि डोके वाटेसारखा आकार घेते. ते बाहेर पडले की बाकीचे अंग सहसा मागोमाग येते. पायाळू मुलाची परीक्षा मात्र शेवटी असते. मऊ भाग आधी निघतो आणि सर्वांत मोठे, कठीण डोके मागे राहते. आकार घ्यायला त्याला वेळच मिळत नाही, शिवाय तोवर नाळ त्याच्या व आईच्या हाडांच्या मध्ये दाबली जात असते. पावले खाली असतील तर मुख पुरते उघडण्याआधीच धड निसटून डोके अडकू शकते. पाणमोट फुटताच नाळ खाली घसरण्याची भीतीही त्यातच अधिक. पाय सरळ वर असतील तर ढुंगण बुचासारखे बसते आणि ही भीती कमी होते.

म्हणून पहिला नियम : ओढायचे नाही. ओढले की हात डोक्याच्या मागे जातात, मान मागे कलते. मूल बेंबीपर्यंत कळांनीच येऊ द्यायचे, त्याची पाठ आईच्या पोटाकडे राहते एवढे पाहायचे. हात अडले तर धड धरून फिरवतात (प्रसूतितज्ज्ञ लव्हसेट यांची रीत). डोक्यासाठी मुलाला हातावर पेलून, गालांच्या हाडांवर बोटे ठेवून मान पुढे वाकवतात. सुश्रुतसंहितेत मूढगर्भाच्या (प्रसूतीत अडलेल्या गर्भाच्या) उपचारांत ढुंगणाने आलेल्या गर्भाला वर ढकलून, पाय सरळ करून बाहेर काढावे असे सांगितले आहे. आज असे करणे सहसा टाळतात.

पोट चाचपताना वरच्या बाजूस कडक, गोल, हलणारे डोके हाताला लागते. सोनोग्राफीने खात्री होते. मग 36-37व्या आठवड्यात बाहेरून हाताने मूल फिरवून पाहतात. ते सुमारे निम्म्या वेळा साधते. न साधल्यास आता बहुधा सिझरच करतात. याला मुख्यतः 2000 साली प्रसिद्ध झालेली, 26 देशांतल्या 2088 स्त्रियांवरील चाचणी कारण झाली. मुलाचा मृत्यू वा गंभीर इजा सिझर ठरवलेल्या गटात 1.6 टक्के, तर योनीमार्गे प्रसूती ठरवलेल्या गटात 5 टक्के आढळली. नेदरलँड्समध्ये तर पायाळू मुलांसाठीच्या सिझरचे प्रमाण काही महिन्यांतच 50वरून 80 टक्क्यांवर गेले. पुढे त्याच चाचणीतली मुले दोन वर्षांची झाल्यावर मृत्यू व विकासातील विलंब यांत दोन्ही गटांत फरक दिसला नाही. पण तोवर ही प्रसूती करणारे सराईत हात कमी होत चालले होते, आणि ते नुकसान आकड्यांत मोजता येत नाही.

पायाळू माणसाला जमिनीखालचे पाणी आणि गुप्तधन दिसते, त्याच्यावर वीज पडते, अशा समजुती महाराष्ट्रात आहेत. उसण भरलेली माणसे कमरेवर त्याची लाथ मारून घ्यायला जातात. यांना आधार नाही. पायाळू मुलांत खुब्याचा सांधा सैल किंवा निखळलेला असण्याचे प्रमाण मात्र खरोखरच जास्त असते, मुलींत विशेष. त्यामुळे सिझरने जन्मली तरी त्यांच्या खुब्यांची जन्मतः तपासणी आणि सुमारे सहा आठवड्यांनी सोनोग्राफी करतात.