आठवी कुठल्या बाजूची? हायस्कूलच्या अभ्यासक्रमामागची पार्श्वभूमी

२०२५-२६ या एका वर्षात शिष्यवृत्ती परीक्षा चार इयत्तांना घ्यायचं ठरलं. पाचवी-आठवीला नेहमीप्रमाणे, चौथी-सातवीला नव्याने. नव्याने म्हणजे जुन्यासारखंच, कारण २०१५ पर्यंत ही परीक्षा चौथी-सातवीलाच होती. हे पुढे-मागे का होतं ते कळायला परीक्षेचं नाव वाचावं. चौथीच्या जुन्या परीक्षेला ‘पूर्व माध्यमिक’ म्हणत, सातवीच्या परीक्षेला ‘माध्यमिक’. २०१७ साली परीक्षा पाचवी-आठवीला गेली तेव्हा पाचवीची झाली ‘पूर्व उच्च प्राथमिक’ आणि आठवीची ‘पूर्व माध्यमिक’. म्हणजे माध्यमिकचा उंबरठा चौथीपुढून काढला आणि आठवीपुढे नेऊन बसवला. ज्या कोल्हापूर जिल्ह्यात शिष्यवृत्तीची गुणवत्ता यादी यात्रेच्या वर्गणीच्या यादीइतक्या बारकाईने वाचली जाते, तिथे हा बदल कुणाच्या नजरेतून सुटला नाही. पण तो नावापुरता आहे असंच बहुतेकांनी धरलं.

तो नावापुरता नव्हता. पाचवी ते आठवीत मुलं काय शिकतात, कोण शिकवतं, पुस्तक कोण काढतं, नापास करता येतं की नाही, हे सगळं माध्यमिक कुठून सुरू होतं यावर ठरतं. आणि त्याचं एकच उत्तर इथे कधीच नव्हतं.

कोल्हापूर शहरातल्या पेठांत विचारलं की मूल हायस्कूलला कधी जातं, तर उत्तर येतं पाचवीला. गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरीकडच्या वाडीत विचारलं तर सातवी झाल्यावर. दोघंही बरोबर सांगतात. याचं मूळ संस्थानकाळात आहे. मराठी शाळा वेगळी, इंग्रजी शाळा वेगळी. मराठी चौथी झाली आणि घरची ऐपत असली की मुलगा इंग्रजी पहिलीत जाई. इंग्रजी सातवी म्हणजे मॅट्रिक. चार आणि सात, अकरा वर्षं. ज्याला ते जमत नसे तो मराठी शाळेतच सातवीपर्यंत जाई, व्हर्नाक्युलर फायनल ही मराठी सातवीची परीक्षा देई आणि पुढे मराठी शाळेत मास्तर म्हणून लागे. जुनी माणसं ‘मी इंग्रजी तिसरीत शाळा सोडली’ म्हणत, ती तिसरी म्हणजे आजची सातवी. नातवंडांना हे समजावताना दरवेळी बोटं मोजावी लागतात.

राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, मूल शाळेत न घालणाऱ्या पालकाला महिन्याला १ रुपया दंड ठेवला. ही सक्ती प्राथमिकपुरती होती. पुढच्या इंग्रजी शाळेसाठी खेड्यातल्या मुलाला शहरातच यावं लागे, आणि १९०१ पासून एकामागून एक निघालेली बोर्डिंगं, म्हणजे विद्यार्थी वसतिगृहं, त्या मुलांसाठीच होती. बोर्डिंगांबद्दल कोल्हापूरकरांना वेगळं सांगायला नको.

१ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. पुढच्या काळात इयत्तांची मोजणी सलग झाली, इंग्रजी पहिलीला पाचवी म्हणू लागले. इंग्रजी विषय मात्र त्या काळात आठवीपासून असे, म्हणजे नावाची इंग्रजी शाळा आणि इंग्रजीचं पुस्तक यांच्यात तीन वर्षांचं अंतर पडलं. प्राथमिक शाळांत मूलोद्योग, म्हणजे सूतकताईसारखं हातकाम, होता. टकळी आणि पेळू घेऊन मुलं शाळेत जायची, सुताची लांबी मोजली जायची. पुढे इंग्रजी पाचवीपासून आली आणि २००० साली पहिलीपासून. १९६२ साली जिल्हा परिषदा झाल्या तेव्हा पहिली ते सातवी त्यांच्याकडे राहिली. हायस्कूलं शिक्षणसंस्थांची, तिथे वर्ग पाचवीपासून. पाचवी, सहावी, सातवी दोन्हीकडे. मराठी सातवी आणि इंग्रजी पहिली या दोन जुन्या वाटा तशाच शेजारी-शेजारी चालत राहिल्या.

मला सर्वांत सरळ वाटते ती १९७२ नंतरची मांडणी. त्या जूनपासून आठवीला दहा-अधिक-दोन-अधिक-तीनच्या नव्या आकृतिबंधाचा अभ्यासक्रम लागला. १९७५ च्या मार्चमध्ये त्या मुलांनी दहावीची पहिली एसएससी दिली, आणि त्याच वर्षी जुन्या अकरावीवाल्यांनी शेवटची. आठवी-नववी-दहावी हा तीन वर्षांचा एक सलग पट्टा झाला. मराठीचं पुस्तक सातवीपर्यंत ‘बालभारती’, आठवीपासून ‘कुमारभारती’. आठवीत संस्कृत आलं: संपूर्ण हिंदी, संपूर्ण संस्कृत की संयुक्त, हे त्या वर्षी ठरवायचं. मराठी माध्यमातल्या हायस्कूलमध्ये सेमीची तुकडीही आठवीला पडायची, गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला कुमार म्हणून बोलावणारं पुस्तक हातात येत होतं, त्याला काही अर्थ होता.

१ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला आणि इथे सगळा गुंता वर आला. कायद्याने पहिली ते पाचवी प्राथमिक, सहावी ते आठवी उच्च प्राथमिक. देशभर ठीक. पण महाराष्ट्रात त्याने एकाच वेळी दोन जोडकामं उसवली. पाचवी, जी हायस्कूलची पहिली पायरी होती, ती प्राथमिकची शेवटची झाली. आठवी, जी माध्यमिकची पहिली होती, ती प्राथमिकमध्ये गेली. नियमांत अंतरही आलं: पाचवीपर्यंतची शाळा १ किलोमीटरच्या आत, आठवीपर्यंतची ३ किलोमीटरच्या आत. मग २०१३ च्या जुलैत आदेश निघाला की गरज असेल तिथे चौथीपर्यंतच्या शाळेला पाचवीचा आणि सातवीपर्यंतच्या शाळेला आठवीचा वर्ग जोडावा.

त्यानंतरची काही वर्षं ज्यांनी हायस्कूलच्या ऑफिसात काढली त्यांना जून महिना नको वाटायचा. आठवीची एक तुकडी म्हणजे कागदावर पटसंख्या आणि प्रत्यक्षात शिक्षकांची पदं. गावच्या मराठी शाळेने आठवी ठेवून घेतली की हायस्कूलचा पट घसरतो, संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवताना, पद कमी होतं आणि वीस वर्षं गणित शिकवणारा माणूस एका सकाळी ‘अतिरिक्त’ ठरतो. मग समायोजन, म्हणजे दुसऱ्या तालुक्यातली शाळा. उलट मराठी शाळेकडे आठवीचा वर्ग आला तरी खोली आणि प्रयोगाचं सामान आपोआप येत नाही. विज्ञान-गणिताचा पदवीधर शिक्षक मिळेलच असंही नाही. मे महिन्यात शिक्षक घरोघर फिरून दाखले गोळा करतात हे दृश्य त्याआधीही होतं. आता दोन्ही बाजूंचे शिक्षक एकाच गल्लीत भेटू लागले.

दुसरी बाजूही आहे. जिथे सातवीनंतर हायस्कूल ओढ्यापलीकडे असतं, तिथे जूनच्या पावसात नकाशावरचे ३ किलोमीटर हे ३ किलोमीटर नसतात. गावातच आठवी मिळाली म्हणून एखाद्या मुलीचं शिक्षण आणखी एक वर्ष पुढे गेलं, तर त्या वर्षाला किंमत आहे. पण एकच वर्ष. नववीला ओढा तिथेच असतो.

शिकवणाऱ्यांच्या पगारातही ही रेघ दिसते. एकाच हायस्कूलच्या एकाच शिक्षक खोलीत पाचवी ते सातवीला शिकवणारे डीएडवाले प्राथमिक वेतनश्रेणीत, आठवीपासून शिकवणारे बीएडवाले माध्यमिक वेतनश्रेणीत. आठवी कायद्याने उच्च प्राथमिक झाली, पण वेतनाच्या दृष्टीने ती माध्यमिकच राहिली. ही विसंगती कुणी फारशी बोलून दाखवत नाही, कारण बोललं की कुणाचं तरी नुकसान होईल.

मधल्या सुट्टीत तर ही रेघ डोळ्यांनी दिसते. पोषण आहार आठवीपर्यंत. आठवीची मुलं ताटली घेऊन खिचडीच्या रांगेत उभी राहतात, नववीची मुलं पायरीवर डबा उघडून बसतात. सख्खे भाऊ असले तरी. सरकारी आणि अनुदानित शाळांत पुस्तकंही आठवीपर्यंत फुकट, नववीला विकत. मोठा भाऊ धाकट्याच्या ताटलीत हात घालतो, आणि वाढणाऱ्या मावशी त्याला नाव घेऊन हाकलतात.

आता प्रत्यक्ष अभ्यास. सध्याची पुस्तकं २०१५ ते २०१८ या काळात टप्प्याटप्प्याने आली: पाचवी २०१५, सहावी २०१६, सातवी आणि नववी २०१७, आठवी आणि दहावी २०१८. पाचवीला ‘परिसर अभ्यास’ दोन भागांत, म्हणजे इतिहास, भूगोल, विज्ञान अजून वेगळे झालेले नाहीत. ज्या हायस्कूलमध्ये पाचवीपासून विषयवार शिक्षक वर्गावर जात, तिथे परिसर अभ्यास भाग १ कुणाच्या तासिकेत घालायचा हा वेळापत्रकाचा प्रश्न झाला. हिंदी पाचवीपासून. सहावीला विषय सुटे होतात. इतिहास सहावीत प्राचीन, सातवीत मध्ययुगीन, आठवीत आधुनिक. सातवीच्या पुस्तकावर २०१७ साली मोठा वाद झाला: मराठ्यांचा इतिहास मध्यभागी आणि मुघल, सुलतान कडेला गेले म्हणून. कोल्हापुरात या टीकेला फारसे कान मिळाले नाहीत. ज्या मुलाला रविवारी पन्हाळ्यावर नेतात त्याच्या पुस्तकात पन्हाळ्याचा वेढा सविस्तर असावा, यात आक्षेप घेण्याजोगं काय, असा इथला सूर.

आठवी कुठल्या बाजूची, हे पुस्तकाच्या मुखपृष्ठावरच कळतं. विज्ञानाचं पुस्तक सहावी ते आठवी ‘सामान्य विज्ञान’, नववीला ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान’. गणित आठवीपर्यंत एक, नववीपासून भाग १ आणि भाग २. मराठी? २०१८ च्या आठवीच्या पुस्तकावर ‘बालभारती’ आहे. ‘कुमारभारती’ नववीला गेली. हे अनेक शिक्षकांनी पहिल्या दिवशी गठ्ठा सोडतानाच पाहिलं.

२०२३ च्या जूनमध्ये आणखी एक प्रयोग झाला. दुसरी ते आठवीची पुस्तकं चार भागांत, आत ‘माझी नोंद’ म्हणून कोरी पानं. दप्तराचं ओझं कमी व्हावं हा हेतू, आणि भाग पाडल्याने ते थोडं झालंही. कोऱ्या पानांचं मात्र बरं नाही झालं. वही वेगळी ठेवायची सवय मोडेना, नोंदी वहीतच होत राहिल्या, आणि वर्षअखेरीस कोरी पानं कोरीच किंवा क्रिकेटच्या धावफलकाने भरलेली. २०२५ च्या जानेवारीत ती पानं काढायचा निर्णय झाला. या प्रयोगातही आठवी खालच्या बाजूला मोजली गेली, नववीला तो नव्हता.

परीक्षेचंही तेच. २०१० पासून आठवीपर्यंत वर्षभर चालणारं आकारिक आणि सत्रअखेरचं संकलित मूल्यमापन, कुणाला नापास करायचं नाही. तेव्हापासून हायस्कूलची एक कायमची तक्रार आहे: नववीत मुलगा येतो आणि त्याला भागाकार येत नाही. तक्रार खरी आहे, पण ती नापास न करण्याच्या धोरणापेक्षा जुनी आहे. १९८० च्या दशकातल्या शिक्षक खोलीतही ती ऐकू यायची, फक्त तेव्हा बोट सातवीकडे असायचं. २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा आली. नापास झाला तर पुरवणी, तीतही नापास तर त्याच वर्गात. पाचवी आणि आठवी, म्हणजे पुन्हा तीच दोन जोडकामं.

इतकं सगळं होऊनही चांगल्या मराठी शाळेची ओढ कमी झालेली नाही. कोल्हापुरात जरगनगरातल्या महापालिकेच्या शाळेत पहिलीच्या प्रवेशासाठी गुढीपाडव्याच्या आदल्या रात्रीपासून पालक रांगेत बसतात. त्या पालकांना विचारलं तर ते शिष्यवृत्तीचंच नाव घेतात. परीक्षा पाचवीला गेल्यापासून चौथीपर्यंतच्या शाळांचा हा मान गेला होता. ती परत चौथी-सातवीला आणण्याच्या मागणीत हे मोठं कारण होतं.

नव्या राष्ट्रीय धोरणाने आता आणखी एक मोजणी आणली आहे. तिसरी ते पाचवी पूर्वतयारी, सहावी ते आठवी मधला टप्पा, नववी ते बारावी माध्यमिक. म्हणजे अकरावी-बारावी, ज्याला आपण पन्नास वर्षं ज्युनिअर कॉलेज म्हणतोय, तेही माध्यमिक होणार. शिष्यवृत्ती चौथी-सातवीला आणि धोरणाची रेघ पाचवी-आठवीला, हे एकाच वेळी चालू राहील. नवीन पुस्तकं २०२५-२६ ला पहिलीपासून सुरू झाली आहेत आणि वरच्या इयत्तांना टप्प्याने येतील. तोवर आठवीच्या दप्तरात २०१८ ची ‘बालभारती’ आहे, आणि ते दप्तर बऱ्याच गावांत हायस्कूलच्याच फाटकातून आत जातं.