वाघबीळ सोडलं की डोक्यात काय बोलायचं?

रविवारी पहाटे कोल्हापुरातून पन्हाळ्याकडे पळत निघालं की वाघबीळपर्यंत सगळे खुशीत असतात. मग चढ लागतो, गप्पा आपोआप थांबतात आणि डोक्यात एक वाक्य हमखास येतं: ‘बास की आता.’ गंमत अशी की त्या क्षणी मांड्यांतली ताकद संपलेली नसते. मागं कुत्रं लागलं तर तोच चढ आपण पळतच चढू.

मग संपतं काय? वेल्समधल्या बँगोर विद्यापीठात सॅम्युएल मार्कोरा आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये १६ जणांवर एक प्रयोग केला. एकदा त्यांना दीड तास संगणकावर डोळ्यांत तेल घालून अक्षरं पारखायला बसवलं, दुसऱ्या वेळी तेवढाच वेळ रेल्वे आणि मोटारींचे माहितीपट दाखवले. दोन्ही वेळा नंतर दमेपर्यंत सायकल मारायला लावली. माहितीपट बघून आलेले सरासरी ७५४ सेकंद टिकले; डोकं शिणलेलं असताना तीच माणसं ६४० सेकंदांत थांबली. हृदय आणि स्नायूंच्या कामात याचं कारण सापडलं नाही. फरक होता तो ‘किती जड जातंय?’ या प्रश्नाच्या उत्तरात.

हे वाचलं आणि माझं एक कोडं सुटलं. महिनाअखेरीला हिशेब मिटवून रंकाळ्यावर गेलो की पहिल्याच फेरीत पाय शिशाचे होत, आणि मी उगाच बुटांना शिव्या घालत असे.

हा ‘जडपणा’ मोजायला स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांची ६ ते २० अशी पट्टी वापरतात. ६ म्हणजे निवांत, २० म्हणजे ऊर फुटायची वेळ. सुरुवात ६ पासून, कारण आकड्याला दहानं गुणलं की ढोबळमानानं हृदयाचे ठोके मिळतात.

सकारात्मक विचार काम करतो तो या पट्टीवर. २०१४ च्या एका प्रयोगात २४ जणांपैकी निम्म्यांना दोन आठवडे स्वतःशी बोलायला शिकवलं. त्यांनी आपापली वाक्यं निवडली, व्यायामात वापरून पाहिली, निरुपयोगी ठरली ती टाकून दिली. त्यांचा सायकलवरचा वेळ ६३७ वरून ७५१ सेकंदांवर गेला आणि निम्म्या वाटेवरच तेवढंच काम हलकं वाटू लागलं. उरलेल्यांत फरक पडला नाही. म्हणजे वाक्याचाही सराव लागतो. शर्यतीच्या सकाळी भिंतीवरचा सुविचार वाचून भागत नाही.

त्यातही ‘मी’ की ‘तू’? २०१९ मध्ये १६ पुरुषांच्या १० किलोमीटर सायकल चाचणीत स्वतःला ‘तू’ म्हटल्यावर वेळ सुधारली. आमच्या तालमीतल्या वस्तादांना यात नवल वाटणार नाही. पोरगं जोर मारताना अडलं की तिथं ‘हाण, अजून दहा!’ एवढंच ऐकू येतं.

अर्थात यानं फुप्फुसं मोठी होत नाहीत, आठवड्याचे किलोमीटर चुकत नाहीत. आणि नडगीत एकाच जागी कळ येत असेल तर ती पट्टीवरची दमछाक नव्हे. तिथं स्वतःला चुचकारत पळणं हा शुद्ध गाढवपणा.

माझं वाक्य साधं आहे: ‘त्या खांबापर्यंत चल की भावा.’ रंकाळ्यावर महिनाभर घोटलं, मग चढावर नेलं. परवा दम इतका लागला की ते मोठ्यानंच बाहेर पडलं. दुधाचे कॅन लावून चाललेल्या मोटारसायकलवाल्यानं ब्रेक मारला आणि विचारलं, “बसा, कुठं सोडू?”